तार्नेसच्या वाटेखालचे गोटे

तार्नेसच्या टोकापर्यंतची वाट जूनच्या आरंभी पुरी झाली आणि त्यानंतर काही दिवस सुनिव्हा तार्वॉय बेटावर जरा ताठ मानेनं फिरत होती. तिशीही न गाठलेली मुलगी, ट्रोम्सोच्या विद्यापीठात भूशास्त्र शिकून घरी परतलेली. वाट आखली तिनं, परवानग्या आणल्या तिनं, आणि बेटावरच्या धडधाकट माणसांना शनिवारी श्रमदानाला जुंपलं तेही तिनंच. जुनी वाट कशी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. चर्चपासून मेंढ्यांच्या कुंपणापर्यंत ती शहाण्यासारखी जायची. पुढं दलदल लागली की मात्र ज्यानं त्यानं आपलं नशीब बघायचं. कुणाचा बूट राहायचा, कुणाचा मोजा. आता तिथून खडी दाबलेली रुंद वाट गेली होती. कडेच्या दगडांवर पायवाटेची खूण म्हणून लाल रंगात टी हे अक्षर काढलेलं होतं, आणि मुलांच्या ढकलगाड्या घेऊन आया थेट टोकावर जाऊन समुद्र बघून येत होत्या.

दलदलीतला सगळ्यात खोल पट्टा भरताना एक अडचण आली होती. मुख्य भूमीवरून येणारा दगड मध्येच संपला आणि पुढची खेप घेऊन येणारी बोट वाऱ्यामुळे अडकली. तीसेक माणसं फावडी टेकून उभी. तेव्हा सुनिव्हाच्या मामानं, टोर्गेरनं, टोकाकडच्या एका खळग्याकडे बोट दाखवलं. तिथं खुरट्या झुडपांखाली गोल, गुळगुळीत गोटे पसरलेले होते, मुठीएवढे. टोर्गेर वाटसमितीचा प्रमुख, आणि जमीनही त्याचीच.

"हे चालतील का गं, पंडित?" त्यानं विचारलं.

सुनिव्हानं एक गोटा उचलून बघितला आणि लगेच सांगितलं, "जुना किनारा आहे हा. हिमयुगातला बर्फ वितळून ओझं उतरलं तशी जमीन वर आली ना, त्याच्याआधी समुद्र इथं होता. घ्या खुशाल, असे पट्टे बेटावर खूप आहेत."

कुणालाच त्यात नवल वाटलं नाही. या किनाऱ्यावर जमीन अजूनही वर येते आहे. शाळेत असताना प्रत्येक मुलाला गुरुजी टेकडीवर नेतात, गोट्यांवर उभं करतात आणि विचारतात, सांगा, इथं कोण राहत होतं? मुलं ओरडतात, मासे! त्यामुळे उंचावर गोल दगड दिसला की तार्वॉयच्या माणसाच्या मनात दुसरा विचार येतच नाही. एकचाकी गाड्या भरल्या, रिकाम्या झाल्या. गोट्यांवर जाड कापड अंथरलं, कापडावर खडी पडली. खळगा मोकळा झाला. मग सगळ्यांनी तिथंच बसून वाफल्स आणि कॉफी संपवली.

गुरुवारी ती दुकानात दूध घ्यायला गेली. दाराजवळच्या कॉफीच्या टेबलावर हाल्दोरकाका बसले होते. आयुष्यभर कॉड मासा धरलेला माणूस. आता बोट विकलेली, गुडघा दुखरा, पण मान वाऱ्याकडे वळवायची सवय अजून तशीच होती.

"ए, सुनिव्हा. तुझ्या त्या राजमार्गावरून चाकांची खुर्ची जाईल का?"

"जाईल की. कुणाला, तुम्हाला? थकलात वाटतं इतक्यात."

"माझ्याशी शर्यत लाव, मग बघू कोण थकतं. योरुनला न्यायचंय. रविवारी आणतोय तिला. सकाळच्या बोटीनं यायचं, संध्याकाळच्या बोटीनं परत."

योरुनकाकू त्यांची बायको. विसराळूपणा वाढत गेला, मग एके दिवशी चुलीवरचं भांडं विसरून त्या भरपावसात बाहेर पडल्या, तेव्हापासून मुख्य भूमीवरच्या शुश्रूषागृहात होत्या.

"तुम्ही श्रमदानाला दिसला नाहीत," सुनिव्हा म्हणाली.

"शनिवारी मी तिच्याकडे असतो. वाट झाली हे ऐकलं आणि मनात म्हटलं, चला, सुटलो. तिकडे गेल्यापासून एकच घोशा लावलाय तिनं. तार्नेसला ने, एइलिफपाशी ने. मला विसरते, पण ते विसरत नाही. डॉक्टर म्हणतात, न्यायचं तर याच उन्हाळ्यात न्या. पुढचा उन्हाळा तिच्यासाठी नसेल."

एइलिफ त्यांचा मुलगा. सुनिव्हाच्या जन्माआधी शरद ऋतूत एकटा जाळी ओढायला गेला होता. बोट मिळाली, तो मिळाला नाही. बेटावर हे सगळ्यांना माहीत होतं.

"त्याचा दगड चर्चपाशी आहे ना पण?"

"चर्चपाशी नुसतं नाव आहे." काकांनी आवाज उतरवला. "तार्नेसवर त्याचे गोटे आहेत. तू पाहिले असशील, तुझ्या वाटेच्या टोकालाच आहेत. आमच्या घराखालच्या किनाऱ्यावरून न्यायची ती. गेली की एक, एप्रनच्या खिशात. कुणाला सांगायची नाही. मी म्हटलं होतं, दगडांचा नीट बुरूज रचून देतो तुला. तर म्हणे, वेडे आहात का, टोकावर नवा बुरूज दिसला तर धुक्यात एखादा त्यालाच खूण समजेल आणि बोट खडकावर घालेल. म्हणून आडवेच पसरायची, खळग्यात. समुद्रावरून दिसू नयेत असे."

सुनिव्हाच्या हातात दुधाचं खोकं होतं. ते तिनं टेबलावर ठेवलं.

"का न्यायची?" तिनं विचारलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून विचारलं.

"म्हणायची, पोरगा तिकडे वाहत असेल. इकडे त्याचं काहीतरी जड असावं." काका उठले, टोपी घातली. "रविवारी मोकळी आहेस का? चढावर खुर्चीला एक हात लागेल."

"आहे," ती म्हणाली.

काका गेल्यावर दुकानातली बाई म्हणाली, "दूध राहिलं की तुझं."

ती घरी न जाता तडक टोर्गेरमामाच्या बोटघरात गेली. मामा इंजिनाशेजारी गुडघ्यांवर बसला होता. सगळं ऐकून घेईपर्यंत त्याचा पाना हवेतच राहिला.

"अरे देवा," तो म्हणाला. "कळणार कसं होतं आपल्याला?"

"मला कळायला हवं होतं. खऱ्या जुन्या किनाऱ्यावर लहानमोठं सगळं असतं, वाळूपासून धोंड्यांपर्यंत. हे सगळे एका मापाचे होते. बाईच्या मुठीत मावतील एवढेच. आणि वरच्या थरावर दगडफूल जवळजवळ नव्हतंच, खालच्यांवर होतं. हजारो वर्षांचा दगड इतका स्वच्छ असतो का? हातात धरून बघितला मी, मामा. आणि बोलून मोकळी झाले."

"आम्हीही माना डोलावल्याच ना. माझीच जमीन, मीच दाखवले." त्यानं पाना खाली ठेवला. "हे बघ. हाल्दोरच्या घराखालचा किनारा आहे तिथंच आहे. उद्या ट्रॅक्टरला ट्रॉली लावतो. तिथलेच गोटे भरू, खळग्यात पसरू, वर थोडी झुडपं लावू. त्याच किनाऱ्याचे, त्याच मापाचे. गोटा तो गोटा. म्हातारीला काय कळणार आहे? तिला आज नवरा ओळखू येत नाही."

"आणि काकांना?"

"त्यांनाही सांगू नकोस. कशाला त्या माणसाच्या जखमेवर मीठ?"

मामा वाईट माणूस नव्हता. त्याच्या सांगण्यात एक सोय होती, आणि ती सोय सुनिव्हालाही हवीशी वाटत होती, हेच तिला टोचत होतं. खनिज तेच, गोलाई तीच, वजन तेच. प्रयोगशाळेत नेले असते तरी नवे कुठले नि जुने कुठले, हे दगडफूल सोडून कशानंही सांगता आलं नसतं.

"नको," ती शेवटी म्हणाली. "जुनेच काढते."

शुक्रवारी ती फावडं आणि बादली घेऊन दलदलीत गेली. वाटेच्या कडेची खडी ओढली, कापड उचललं आणि हात घातला. पहिला गोटा निघाला तो काळ्या चिखलानं माखलेला. झऱ्यात धुतल्यावर आतून हिरवी शीर दिसली. काकांच्या घराखालच्या खडकात अशाच शिरा होत्या, आणि लहानपणी तिनं स्वतः तिथून असे दगड वेचले होते. तिनं दुसरा काढला, तिसरा काढला. बादली भरत आली तसा खड्ड्यात तपकिरी पाणी चढायला लागलं. शेजारची खडी हळूच त्यात घसरली. तिनं वाटेवर उभं राहून टाच दाबून बघितली, तर जमीन पावाच्या गाभ्यासारखी दबली.

हिशेब सरळ होता. गोटे इथं असेपर्यंत पाणी त्यांच्यामधून वाहून जातं आणि वाट वर राहते. ते काढले तर रविवारपर्यंत इथं पुन्हा दलदल. मुख्य भूमीवरून दगड यायला अजून आठवडा. मग योरुनकाकूंची खुर्ची मेंढ्यांच्या कुंपणापर्यंतच येणार. गोटे परत खळग्यात नेले तर त्यांना भेटायला काकू येऊ शकत नव्हत्या, आणि काकू येणार तर गोटे तिथं असणार नव्हते.

ती बराच वेळ बादलीशेजारी बसून राहिली. वर आर्क्टिक कुररी ओरडत होत्या. कुठंतरी जवळच घरटं असावं, कारण त्यातली एक पुन्हा पुन्हा तिच्या डोक्यावर झेप घेत होती. मग ती उठली आणि चिखलानं भरलेल्या हातांनीच हाल्दोरकाकांच्या घरी गेली.

काका स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. रविवारची तयारी चालली होती. खिडकीत धुतलेला पांढरा टेबलक्लॉथ वाळत होता.

"हे काय, खेकडे धरलेस का?" ते तिच्या हातांकडे बघून म्हणाले.

तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. श्रमदानाच्या दिवशी दगड संपले इथपासून, आपण काय म्हणालो, गोटे कुठं गेले इथपर्यंत. मामाची युक्तीही सांगितली. कुठंही आवाज चढवला नाही की रडली नाही. रडलो तर काकांनाच आपली समजूत काढावी लागेल, आणि ते त्यांच्यावर लादणं बरोबर नाही, एवढं तिला कळत होतं.

काकांची सुरी थांबली नव्हती. साल लांबच लांब निघत होती. ती तुटली तेव्हा त्यांनी बटाटा पाण्यात टाकला.

"कुणालाच माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मीच एकदा बोलायला हवं होतं कुणापाशी. ती नको म्हणायची म्हणून गप्प राहिलो." मग विचारलं, "किती काढलेस?"

"बादलीभर."

"परत घाल."

"काका—"

"परत घाल म्हणतो ना. नाहीतर खुर्ची कशी जाईल? तिला टोकापर्यंत जायचंय. तिला मी शब्द दिलाय." त्यांनी दुसरा बटाटा घेतला, पण सोलला नाही, नुसता हातात धरला. "आणि टोर्गेरला सांग, ट्रॉली-बिली काही नको. मी बायकोशी आजवर खोटं बोललो नाही. एकदा दारूबद्दल बोललो होतो, तेही तिनं पकडलं."

"मग काकूंना सांगणार कसं?"

"मी नाही सांगणार. तू सांगशील. तिथं, जागेवर." त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि क्षमाही नव्हती. "कदाचित तिला कळणारच नाही तू काय बोलतेस ते. कदाचित कळेल. दोन्हीसाठी तयारी ठेव. आता हात धू आणि जा. मला हे उकडायचेत."

रविवारी आकाश स्वच्छ होतं, पण वारा वायव्येकडून आणि बोचरा. योरुनकाकूंना बोटीवरून उतरवताना खलाशांनी खुर्चीसकट उचललं, तेव्हा त्या म्हणाल्या, "हळू, मी बर्फातली मासळी नाहीये." धक्क्यावरचे सगळे हसले. हाल्दोरकाकांनी त्यांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला. त्यांनी नवऱ्याकडे निरखून बघितलं.

"तुम्ही इथलेच का?"

"इथलाच," काका म्हणाले.

"आणि ही कोण?"

"बेरितची मुलगी. सुनिव्हा."

"बेरितची! अगं, तुझी आई बदकासारखी चालायची. तूही तशीच चालतेस का?"

"तशीच, काकू."

"मग खुर्ची नीट ढकल. डुलवू नकोस."

चर्चच्या कुंपणापाशी त्यांनी थांबायला सांगितलं नाही. मेंढ्यांच्या कुंपणाशी फाटक उघडताना मात्र हात पुढं करून कडी स्वतः काढली. कडी वर उचलून मग डावीकडे ओढावी लागायची, ते त्यांच्या हाताला पाठ होतं. दलदल आली. चाकं खडीवर करकरत गेली. परवाचा खड्डा सुनिव्हानं बुजवला होता, पण त्या जागेवरची खडी अजून ओलसर, गडद दिसत होती. खुर्ची तिथून सरळ पार झाली.

टोकावर वारा इतका होता की बोलायला वाकावं लागत होतं. काकांनी खुर्ची खळग्यापाशी लावली आणि चाकांना अडसर घातला. मग ते चार पावलं दूर जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहिले.

योरुनकाकूंनी खळगा बघितला. उघडी काळी माती, मध्ये दोन-तीन गवताची पाती. मग त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. हात तिथंच राहिला.

सुनिव्हा त्यांच्यासमोर ओल्या मातीत गुडघ्यांवर बसली.

"काकू, इथले गोटे मी नेले."

"कुणाचे?"

"एइलिफचे. तुम्ही आणलेले. मला वाटलं, ते समुद्राचेच आहेत, पूर्वीचे. मी कुणाला विचारलं नाही. वाट करायला दगड कमी पडले, म्हणून ते दलदलीत घातले."

बाईंचा चेहरा कोरा होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वाऱ्यानंच असावं. सुनिव्हाला वाटलं, पोचलं नाही. इतक्यात एक थप्पड तिच्या खांद्यावर बसली. दुबळी, पण मारण्यासाठीच मारलेली. मग दुसरी.

"दलदलीत!" योरुनकाकू म्हणाल्या. "पाण्यातून मी त्याला वर आणला. एक एक करून आणला. आणि तू पुन्हा पाण्यात घातलास?"

काका वळले, पण जागचे हलले नाहीत.

सुनिव्हा खोटं बोलली असती तर ही बाई शांत झाली असती. वर सगळं कोरडं आहे, असं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"हो," ती म्हणाली. "तळचे पाण्यात आहेत. पाणी त्यांच्यामधून वाहतं."

"मग ते वाहून जातील."

"नाही जाणार. पाणी जातं, ते राहतात. गोल दगड आधी सुटे असतात, हलतात. वरून वजन पडलं की एकमेकांत अडकत जातात. आपण आत्ता त्यांच्यावरूनच आलो. माणसं जेवढी चालतील तेवढे ते घट्ट बसतील."

"कोण चालतं?"

"सगळे. बेटावरचे. बाहेरून येतात तेही."

"त्याच्यावरून?"

"त्याच्यावरून."

योरुनकाकू समुद्राकडे बघू लागल्या. दूरवर एक बोट खडकांच्या रांगेबाहेरून उत्तरेला चालली होती. ती दिसेनाशी झाल्यावर त्यांनी काकांना हाक मारली, नावानं. "हाल्दोर, मला गारठा लागतोय." काका धावतच आले. त्यांनी मफलर सोडून पुन्हा नीट गुंडाळला. सुनिव्हानं नजर दुसरीकडे वळवली.

परतताना दलदलीच्या अलीकडे, खडकावर, काकूंनी खुर्चीच्या हातावर बोटं आपटली. थांबा. पलीकडून पाठीवर पिशव्या घेतलेली माणसं येत होती; एक जोडपं, एक मुलगी आणि कुत्रा. बाहेरगावची दिसत होती. वाट दलदलीत फार रुंद नव्हती. खुर्ची बघून ती माणसं सभ्यपणे वाटेवरून खाली उतरली आणि कडेच्या ओल्या गवतातून डबडब पाय टाकत येऊ लागली. पुरुषानं लांबूनच हात करून खूण केली, तुम्ही या, आम्ही थांबतो.

"अहो!" योरुनकाकू ओरडल्या. शुश्रूषागृहात एवढा आवाज कुणी ऐकला नसेल. "तिकडून नको! वर या, वाटेवर या!"

"तुम्हाला जागा—" तो माणूस म्हणाला.

"मला घाई नाही. मधून चाला. सगळे मधून चाला."

ती माणसं गोंधळून एकमेकांकडे बघत वर चढली. बुटांचा चिखल झटकून मधोमध चालू लागली. खडी त्यांच्या पायांखाली करकरली. योरुनकाकू खुर्चीत पुढं वाकून त्यांचे पाय बघत होत्या. मुलगी उड्या मारत येत होती. तिची आई तिला हटकायला वळली, तशा काकू म्हणाल्या, "मारू दे तिला उड्या."